होळीपर्यंत एक खोली

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन बातम्या एकदम दिल्यास. सूनबाईंना पाचवा महिना पूर्ण होतोय, आणि जानेवारीत आजोबांच्या घराचं काम काढायचं ठरलंय. पहिली बातमी ऐकून डोळे भरून आले. दुसरीने मात्र झोप उडवली. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

तुझं घर मला वीटन्‌वीट ठाऊक आहे. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, परसात संडास, आणि चाळीस वर्षांपूर्वीची लाकडी पट्टीवरची वायरिंग. त्या धाब्यावर तुझ्या आजीने बिबडे वाळवले आणि तुम्ही पोरं उन्हाळाभर चांदण्यात झोपलात. असं घर दुरुस्त करावं असं तुला वाटतं, याचा मला आनंदच आहे. पण बाळ येणार आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमाराला. म्हणजे हातात चार महिने आहेत, आणि त्यातला शेवटचा दीड महिना तू धरायचाच नाहीस. होळीला गवंडी, बिगारी, रंगारी, कुणीही घरात दिसता कामा नये. पूर्ण घराचा नाद सोड. माजघर आणि त्याला लागून संडास-बाथरूम एवढंच पुरं कर. बाकी घर दिवाळीनंतर बघू.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 1988 साली माझ्या घरी हेच झालं. मोझेक फरशीच्या पॉलिशपायी मी वेडा झालो होतो, आणि थोरली तीन आठवडे आधी आली. त्या वैशाखात आमच्या मोरीला दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. तुझी काकू बाळंतीण असताना पहाटे साडेचारला, कुणी उठायच्या आत आंघोळ उरकायची. पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून खालच्या कडेवर दोन विटा ठेवायची. मी त्या विटा रोज सकाळी उचलून बाजूला करायचो आणि एकदाही विचारलं नाही की या इथे कशा येतात. दहा वर्षांनी बोलता बोलता तिने सांगितलं. माझी आई तेव्हा म्हणाली होती, ‘घर मंग बी व्हई, पहिले तिले जप.’ मी ऐकलं नाही.

तुझी आई म्हणते ना, पोटुशी बाई घरात असताना काम काढू नये, खिळा ठोकू नये? ते हसण्यावारी नेऊ नकोस. त्या बोलण्यामागे धूळ आहे, ओली फरशी आहे, घरभर पसरलेल्या पट्ट्या-पाट्या आहेत. काम काढायचंच असेल तर आईचा धाक तुझ्या वेळापत्रकात उतरव.

सुरुवात दारं-खिडक्यांपासून. तुझ्या घराच्या चौकटींवर हिरव्या ऑइल पेंटचे किमान चार-पाच थर आहेत. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) कडक मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, आणि तुझा रंग त्याच्या कितीतरी आधीचा आहे. सुतार ब्लो लॅम्प लावून तो जाळायला बघेल किंवा कोरडाच घासेल. दोन्ही करू देऊ नकोस. शिशाची धूळ आईच्या रक्तात गेली की नाळेतून बाळापर्यंत पोचते, आणि बाळाच्या मेंदूला कितीही थोडं शिसं चालत नाही. ज्या चौकटींचा रंग घट्ट आहे त्यांना हातच लावू नकोस, वरून नवा हात दे. जिथे पोपडे निघालेत तिथे पाणी मारून वॉटर पेपरने ओलं घासायचं, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, निघालेला गाळ ओला असतानाच गोळा करायचा. झाडू फिरवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. ते आठ दिवस सूनबाई घरात नकोत, बहिणीकडे जाऊ देत. तूही साइटवरचे कपडे वेगळे धू. उधईचं, म्हणजे वाळवीचं औषध मारायचं तर तेही त्याच आठवड्यात, म्हणजे त्या परत येईपर्यंत घराला भरपूर वारा मिळेल.

मागच्या पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे आहेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ श्वासात जाणं घातक. ते कापायचे नाहीत, भोकं पाडायची नाहीत, फोडायचे तर मुळीच नाहीत. आहेत तसे राहू देत.

आता भिंती. ठेकेदार तुला सांगेल, माती पाडा, आरसीसी घ्या, महिन्यात उभं करतो. भुलू नकोस. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर खोलीत आग ओकतो. तुझं माजघर त्याच दुपारी मातीच्या मडक्यासारखं गार असतं. नवजात बाळाला तिथे ठेवायचं सोडून स्लॅबखाली कुठे नेतोस? आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नकोस. माती ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती आत कोंडतं. दोन पावसाळ्यांत गिलावा फुगून खपल्या पडतात, मी शंभर घरांत पाहिलंय. चुन्याचा गिलावा करणारा जुना मिस्त्री पारोळ्याकडे एक आहे, त्याला मी गाठून देईन. बाथरूमच्या नव्या विटांच्या भिंतींना सिमेंट चालेल, पण त्याला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं आणि पुरतं वाळायला महिना लागतो. म्हणूनच बाथरूम सगळ्यात आधी, संक्रांतीच्या आत उभं राहायला हवं.

आपल्याकडे नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं, त्यामुळे क्युरिंगसाठी, म्हणजे सिमेंटला पाणी मारायला, तू टिपाडं भरून ठेवशील. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत पुढची पिढी उडायला लागते. पोटुशी बाईला डेंग्यू फार वाईट. टिपाडांवर कापड बांध, आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासून काढ.

या संडास-बाथरूमबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथे पुरुष हमखास चुकतात. नवव्या महिन्यात बाईला रात्रीतून चार-चार वेळा उठावं लागतं. अंधारात, परसाच्या तीन पायऱ्या उतरून ती जाणार आणि तू माजघराच्या रंगाची शेड निवडत बसणार, हे मला बघवणार नाही. कमोड बसव. शेजारी भिंतीत भक्कम दांडी बसव, स्वतः लोंबकळून बघ. फरशी खरखरीत घे. गुळगुळीत चकचकीत टाइल दुकानात सुंदर दिसते, साबणाच्या पाण्यात पाय ठरत नाही. उंबरठा अर्ध्या इंचापेक्षा उंच नको. दिव्याचं बटण दाराबाहेर, हात सरळ जाईल तिथे. हे सगळं गवंड्याला सांगण्याआधी सूनबाईंना तिथे उभं कर आणि त्यांचा हात कुठे पोचतो ते खडूने भिंतीवर मांड. स्वयंपाकाच्या ओट्याची उंचीसुद्धा पुढे अशीच घ्यायची आहे, तुझ्या कमरेवरून नव्हे.

आणि गॅस गिझर बाथरूमच्या आत लावायचा नाही. कुणी कितीही सांगो. बंद जागेत तो जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. विजेचा गिझर घे किंवा गॅसचा बाहेर मोकळ्यावर लाव. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडीचंही तेच. दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी धगधगत ठेवायची आपली पद्धत जुनी आहे, पण तिच्यातूनही तोच वायू निघतो. आईला प्रेमाने समजाव. वैशाखात खानदेशात बाळाला ऊब कमी पडत नाही. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी वापरा.

वायरिंग पूर्ण नवी कर. इथे एक पैसाही वाचवू नकोस. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्याला हात लागून माणसं जातात. ओला पत्रा, ओली फरशी, अनवाणी पाय, आणि घराला अर्थिंगच नाही. माझ्या घरी एका वायरमनने अर्थिंगची तार बोर्डापर्यंत आणून तशीच लोंबती सोडली होती. तीन वर्षं मी समजत होतो की अर्थिंग आहे. धाकट्याला कूलरचा झटका बसला तेव्हा बोर्ड उघडला. म्हणून वायरमन ‘झालं’ म्हणाला की तू स्वतः प्रत्येक पॉइंटला टेस्ट करून बघ. मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारं बटण, बसव आणि तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायची सवय लाव. दाबल्यावर खटकन पडली पाहिजे.

पैशाचं थोडक्यात. बाळंतपणाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव, सिझरचा खर्च धरून, आणि विटा संपल्या तरी त्याला हात लावू नकोस. ठेकेदाराशी मोजमाप कागदावर लिहून घे, काम होईल तसे पैसे दे. अंदाजावर चौथा हिस्सा वाढवून धर. जुनं घर उघडलं की आत काय निघेल ते उघडल्यावरच कळतं.

मनातली मुख्य गोष्ट अजून राहिलीच. काम निघालं की घरच्या माणसाचं लक्ष वाळूच्या गाडीकडे लागतं. तपासणीच्या दिवशी मिस्त्री फोन करेल की ‘साहेब, लेव्हल बघायला या.’ जाऊ नकोस. दवाखान्यात तिच्या शेजारच्या बाकड्यावर बस. लोहाच्या गोळ्या घेतल्या का ते विचार, सातव्या महिन्याच्या ओटीभरणाला अंगणातली वाळू आदल्या दिवशी स्वतः उचलून घे. तिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिला पहिलटकरणीचं माहेर या वेळी मिळत नाहीये. ती बोलून दाखवणार नाही, पण आखाजीला गल्लीत माहेरवाशिणी झोके घेतील तेव्हा तिला ते लागेल. तेवढं माहेरपण तुम्हाला त्या माजघरात करायचंय. रात्री-अपरात्री निघावं लागलं तर कुणाची गाडी, कुठला रस्ता, हे आत्ताच ठरव. 108 नंबर दारामागे मोठ्या अक्षरात लिहून ठेव. आणि बाळ आल्यावर उन्हाळा आहे म्हणून कुणी त्याला पाणी, मध, घुटी पाजायला पुढे आलं तर तू मध्ये उभा राहा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. ही आडकाठी तिने करायची वेळ येऊ देऊ नकोस.

पाळण्यासाठी मधल्या तुळईला कडी लावायची म्हणालास. त्याच तुळईला तुझ्या बापाचा पाळणा होता, मला माहीत आहे. पण दक्षिणेकडच्या टोकाला, भिंतीत शिरते तिथे, मागच्या वेळी मला उधईची माती दिसली होती. मी येईपर्यंत कडी लावू नकोस. रविवारी सकाळच्या पॅसेंजरने येतो, सोबत हातोडी आणि पटाशी आणतो. तुळईवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातोडीच्या दांड्याने ठोकत जाऊ. भरीव वाजली तिथे कडी, पोकळ वाजली तिथे आधी सुतार. शिडी तेवढी शेजारून मागून ठेव.

सूनबाईंना आशीर्वाद. काकूने त्यांच्यासाठी कळण्याचं पीठ दळून ठेवलंय, तेही आणतो.

तुझा,
अण्णा