एक्सपायर झालेल्या डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटाला बोली लावली तर नाव स्वस्तात मिळतं का?

नाही मिळत. डोमेन विकणाऱ्या गोडॅडी कंपनीच्या साइटवर शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली लावली की लिलावाची वेळ आपोआप वाढते, आणि कोणी ना कोणी बोली लावत राहिलं तर वाढतच राहते. त्यामुळे दबा धरून बसण्यात काही अर्थ नाही. पण तुम्ही पुढे लिहिलंय की नाव तुमच्याच क्लासचं होतं, मुदत संपली, आणि घरचे म्हणतायत, ‘पैसे कशाला घालतोस, दुसरं नाव घे.’ त्यावर मला बोलायचंय, कारण आमच्या घरात हा वाद अजून चालू आहे.

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ आमचं दुकान आहे, मी आणि दादा चालवतो. पूजेचं साहित्य वर्षभर विकलं जातं, पण खरी कमाई गणपतीच्या आधीची, मखरांची. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आम्ही पुठ्ठ्याची घडीची मखरं करतो. चपट्या पेटीत सुटे भाग, प्रत्येक खांबाच्या टोकाला छापलेला आकडा, आणि पेटीच्या कडेला निळ्या शाईत वेबसाइटचा पत्ता. जोडणीचा व्हिडिओ त्या साइटवर. लोक विसर्जनानंतर मखर घडी करून माळ्यावर टाकतात आणि पुढच्या वर्षी हरतालिकेच्या रात्री पेटी खाली काढून, तो पत्ता टाइप करून बघतात की कुठला खांब कुठल्या खाचेत जातो. आमचं नाव त्या माळ्यांवर आहे. हे मी दादाला किती वेळा सांगितलं असेल!

साइट बनवून देणाऱ्याने नाव स्वतःच्या खात्यात घेतलं होतं. मी तेव्हाच म्हटलं होतं, आपल्या ईमेलवर घ्यायला सांग. दादा म्हणाला, ‘अगं, घरचाच मुलगा आहे.’ घरच्या मुलाला नोकरी लागली, तो गाव सोडून गेला. मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशी आठवणीची ईमेल पाठवणं रजिस्ट्रारला, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीला, बंधनकारक आहे. ती गेलीच, पण त्याच्या इनबॉक्समध्ये. साइट उघडेना तेव्हा आम्हाला कळलं. फोन केले, त्याने उचलले नाहीत. शोधलं तर नाव लिलावाला लागलेलं.

दादाचा हिशोब सरळ होता. नवं नाव हजाराच्या आत येतं, पेट्यांवर स्टिकर मारू. गोदामातल्या पेट्यांवर मारशील रे, लोकांच्या घरातल्या पेट्यांचं काय? अशी सुटलेली नावं जुगाराच्या साइटवाले उचलतात, कारण जुन्या नावाला बाहेरून आलेल्या लिंक्स आयत्या मिळतात. एखाद्या आजींनी हरतालिकेला आमचा पत्ता टाकला आणि समोर रमीची जाहिरात नाचायला लागली तर शिव्या कोणाला पडणार? आणि ईमेल! कुरिअरचं खातं, पेमेंट गेटवे, इन्स्टाग्राम, सगळं त्याच नावाच्या ईमेलवर. डोमेन ज्याच्या हातात तो तोच ईमेल पत्ता नव्याने बनवून ‘पासवर्ड विसरलो’ दाबू शकतो. हजाराचं नवं नाव हे कसं थांबवणार?

लिलाव अमेरिकेच्या वेळेप्रमाणे, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर संपणार होता. मी आधीच बँकेच्या ॲपमध्ये कार्डचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करून ठेवला होता. वर्षभराचं नूतनीकरण आणि कार्डवाल्यांचा परकीय चलनाचा चार्ज धरून आकडा ठरवला, ४१० डॉलर, आणि एकदाच कमाल बोली म्हणून टाकला. साइट तो आकडा कोणाला दाखवत नाही. समोरच्याने वाढवलं की तुमच्या वतीने गरजेपुरतंच वाढवते. समोरचा थोडं थोडं चढवत होता, दर वेळी वेळ वाढत होती आणि दर वेळी माझीच बोली वर राहत होती. मी माउसला हात लावला नाही. दादा मागे उभा राहून ‘बस झालं आता’ म्हणत होता. ३५५ डॉलरला समोरचा थांबला. तीस हजारांच्या आसपास रुपये झाले. तुम्हीही असंच करा. पायरीपायरीने चढवत बसणारा भरीला पडतो आणि नको तेवढे पैसे घालतो.

दादा आजही प्रत्येक सणाला ते तीस हजार काढतो. वर म्हणतो, वकील लावून नाव परत मिळवलं असतं. डोमेनची नावं ट्रेडमार्कसारखीच जपली जातात हे सुप्रीम कोर्टाने २००४ साली सिफी या इंटरनेट कंपनीच्या खटल्यात मान्य केलंय, हे खरं. पण डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या तंटा-प्रक्रियेत तुमचा नावावरचा हक्क, समोरच्याला तो नसणं आणि त्याने वाईट हेतूने नाव घेऊन वापरणं, तिन्ही सिद्ध करावं लागतं. आमचा तर ट्रेडमार्कही नोंदलेला नव्हता. आणि असे तंटे सोडवणाऱ्या वायपो या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे एका पंचासमोर अर्ज करायची फीच १५०० डॉलर आहे, वकिलाचे पैसे वेगळे. कर आता हिशोब, दादा.

हे सगळं स्वतःच्या चालत्या नावासाठी. विकून नफा कमवायला घेणार असाल तर माझं मत आहे की हात लावू नका. अनोळखी जुनं नाव घेत असाल तर साइट पूर्वी कशी दिसायची ते दाखवणाऱ्या वेबॅक मशीनवर त्याचा इतिहास बघा, कोणाचा ट्रेडमार्क आहे का तेही बघा. ऑटो-रिन्यूच्या, म्हणजे आपोआप होणाऱ्या नूतनीकरणाच्या, भरवशावर राहू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा, म्हणजे कार्डातून आपोआप पैसे कापण्याबद्दलचा, नियम लागू झाल्यावर परदेशी कंपन्यांना आपोआप जाणारे पैसे अनेक कार्डांवर अडकले.

आणि हो, नाव तुमच्या स्वतःच्या खात्यात असेल तर बोली लावायच्या आधी त्या खात्यात जाऊन बघा. गोडॅडीवर लिलाव सुरू झाल्यावरही काही काळ मूळ मालकाला दंडासकट नूतनीकरण करता येतं आणि बोली लावणाऱ्याला पैसे परत जातात. आमच्याकडे खातंच नव्हतं.