जंतामुळे माणसाचा स्वभाव बदलू शकतो का?

प्रश्न असा आहे: खानापूरकडच्या एका तरुण मुलाला झटके येतात, तो चिडचिडा झालाय, घरचे 'बाहेरचं' म्हणून अंगारा लावतात, हे जंतामुळे असू शकेल का?

हो, असू शकतं. डुकरातल्या पट्टकृमी या जंताची (टेपवर्म) अंडी पोटात गेली, तर त्यांतल्या अळ्या रक्तावाटे मेंदूत जाऊन गाठी करतात. मग फिट येतात, डोकं दुखतं. काहींना नैराश्य येतं, वागणं बदलतं. आपल्याकडे लोक ठामपणे सांगतात, 'आम्ही माळकरी, आम्हाला कसं होईल?' पण मेंदूतल्या गाठी डुकराचं मटण खाऊन होत नाहीत. पोटात हा कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून, कच्च्या मुळा-गाजर-कोथिंबिरीवरून कुणाच्याही पोटात जातात.

मांजरातल्या टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीबद्दलही बरंच वाचायला मिळतं. त्याची लागण झालेले उंदीर मांजराच्या वासाला घाबरेनासे होतात, हे खरं. माणसांत मात्र स्किझोफ्रेनिया या मनोविकाराशी फक्त संबंध दिसलाय, कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही. घरची मांजर सोडून देऊ नका.

त्या मुलाला आधी बेळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या, सीटी किंवा एमआरआय करून घ्या. आणि कळकळीने सांगतो, दुकानातून जंताची गोळी आणून देऊ नका. मेंदूतली अळी मरताना सूज येते, झटके वाढू शकतात. म्हणून ते औषध डॉक्टर बहुधा स्टेरॉइडसोबत, देखरेखीखाली देतात. फिटच्या गोळ्या मध्येच थांबवू नका. देवळात जायचं तर जा, पण गोळी घेऊन.