ताईंच्या नावाने रिपोर्ट लिहू का?

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या या बाई एका खासगी रुग्णालयात नुकत्याच आयसीयूच्या इनचार्ज सिस्टर झाल्या होत्या. समुपदेशनाला आल्या त्या झोप उडाली म्हणून. (ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत.) "ज्या ताईंनी मला शीर शोधायला शिकवलं, त्यांच्याच नावाने रिपोर्ट लिहू? आणि गप्प बसले, तर उद्या एखादा पेशंट जाईल." कालच्या सोबतिणींवर आज देखरेख करायची वेळ आली, की हा पेच हमखास पडतो.

झालं असं, की पहाटे लाइन फ्लश करताना, म्हणजे शिरेत लावलेली नळी सलाइनने धुताना, ताईंनी सलाइनऐवजी पोटॅशियम क्लोराइड सिरिंजमध्ये भरलं. देण्याआधी लेबल पाहिलं, सिरिंज टाकून दिली आणि आपण होऊन इनचार्जना सांगितलं. 10 मिलीच्या त्या अँप्यूलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बंद कुपीत, 20 मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम होतं. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं, तर हृदय बंद पडू शकतं. व्यवस्थापक 'कारणे दाखवा' नोटीस काढायला निघाले होते.

सत्रात त्यांना आधी ट्रॉलीचा खण कागदावर काढायला सांगितलं. सलाइन आणि पोटॅशियम, दोन्ही अँप्यूल सारख्याच आकाराचे, एकाच कप्प्यात, शेजारी शेजारी. मग ड्यूटी चार्ट पाहिला. रात्रीची सिस्टर आली नव्हती, म्हणून ताई दुपारपासून सलग उभ्या, व्हेंटिलेटरवरचे दोन पेशंट एकटीकडे. नोटीस निघाली असती, तर खण तसाच राहिला असता आणि पुढची सिस्टर चूक सांगायला आलीच नसती. थकव्याने हात चुकला, तर व्यवस्था बदलायची. लेबल न वाचायची सवय असेल, तर समज द्यायची. जाणूनबुजून नियम धाब्यावर बसवला, तरच कारवाई.

रिपोर्टमध्ये वेळ, औषध, खणाची स्थिती आणि चूक कुठे थांबली, एवढंच लिहायचं ठरलं. 'निष्काळजीपणा' हा शब्द काढला. पाठवण्याआधी तो ताईंना दाखवायचा, तोही नर्सिंग स्टेशनवर चारचौघांत नाही. पहिलं वाक्य बाईंनी माझ्यासमोर म्हणून पाहिलं, "ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून हा खण लक्षात आला. मी लिहिलंय, आधी तुम्ही वाचा." ताईंनी वाचून एक वेळ दुरुस्त केली.

पोटॅशियम आता ट्रॉलीतून निघून लाल लेबलच्या कुलूपबंद डब्यात गेलं आहे, आणि दोन सिस्टरनी तपासल्याशिवाय ते भरत नाहीत. बदली सिस्टर द्यायला मात्र व्यवस्थापन अजून तयार नाही. म्हणून बाई प्रत्येक डबल ड्यूटी वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदवतात आणि ते महिन्याच्या बैठकीत पुढे ठेवतात.