बाराव्या दिवसाची सिगारेट

प्रिय मित्रा,

११ दिवस सिगारेटला हात लावला नाहीस, बाराव्या दिवशी एक ओढलीस आणि लगेच स्वतःचा निकाल लावून मोकळा झालास: ‘माझ्यात मनोनिग्रहच नाही.’ ते वाक्य आधी खोड. मी चौथ्या खेपेला सुटलो. तोवर माझा मनोनिग्रह काही वाढला नव्हता, फक्त त्या खेपेला मी औषध नीट घेतलं.

झुरका घेतल्यावर १०-२० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. तिथे डोपामिन हे सुखाची जाणीव देणारं रसायन सुटतं, बरं वाटतं. दोनेक तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं आणि चिडचिड सुरू होते. सिगारेटने ताण हलका होतो म्हणतोस ना? होतो, पण त्यातला बराचसा आधीच्या सिगारेटनेच आणलेला असतो. आग लावणाराच बादली घेऊन धावत यावा, तसा हा प्रकार.

सकाळी जाग आल्यावर पहिली सिगारेट किती मिनिटांनी पेटवायचास? अर्ध्या तासाच्या आत असेल तर शरीर निकोटिनला चांगलंच सरावलंय, आणि २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम (निकोटिन असलेलं च्युइंगम) तुला अपुरा पडला असणार. तुला ४ चा लागेल. शिवाय तो चघळत राहू नकोस. निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं. जिभेला चुणचुण जाणवेपर्यंत सावकाश चाव, मग गालात दाबून ठेव. चुणचुण ओसरली की पुन्हा चाव. असं अर्धा तास. त्याच्या १५ मिनिटं आधीपासून कॉफी, सरबत काही नको, आम्लामुळे तोंडातलं शोषण कमी होतं.

दिवसभराच्या गरजेला पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) आणि अचानक उसळणाऱ्या तलफेला गम, अशी जोडी एकट्या गमपेक्षा जास्त कामाची. ‘मग निकोटिन सुटलं कुठे?’ असं विचारशील. शरीराची खरी नासाडी मुख्यतः धूर करतो, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड. आधी धूर सोड, निकोटिन मागाहून उतरवता येतं. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही आहेत, त्या सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधीपासून सुरू करतात. डॉक्टरांना विचारूनच, कधी फिट आली असेल तर ते आधी सांग.

आणि हो, कॉफी निम्मी कर. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं. धूर थांबला की तेवढ्याच कपांनी छाती धडधडते, झोप उडते. मी ती धडधड तलफ समजलो होतो आणि एक पेटवली होती. मूर्खपणा!

तलफेची एक उसळी सहसा काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ जागा बदल, चालत सूट.

आता नवी तारीख ठरव, याच महिन्यातली. आणि बाराव्या दिवशी ती सिगारेट कुठे, किती वाजता, कुणाकडून घेतलीस ते सविस्तर लिही. ‘कंटाळा आला होता’ एवढ्यावर भागणार नाही.