आधी पिल्लाची आई दाखवा

आपण दोन विक्रेत्यांविषयी विचारले आहे. पहिला इन्स्टाग्रामवर गोल्डन रिट्रीव्हरचे पिल्लू १८ हजारांत देऊ करतो, पिल्लू बेंगळुरूला असून ५ हजार आगाऊ भरले की ते विमानाने पुण्याच्या लोहगाव विमानतळावर येईल असे सांगतो, आणि अतिशय गोड बोलतो. दुसरा तळेगावच्या बाजूचा आहे, ४५ हजार मागतो, तीन महिने थांबायला सांगतो, आणि दिवसभर घरी कोण असते, फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे, आधी कुत्रे होते का, त्याचे काय झाले, असे विचारून आपल्याला हैराण करतो. गेली वीसएक वर्षे माझ्या घरी लॅब्रॅडॉर आहेत आणि त्यांतले एक पिल्लू मी स्वतः फसून घेतलेले आहे. तेव्हा माझे मत असे की जावे या हैराण करणाऱ्याकडेच, मात्र त्याच्याही काही गोष्टी तपासून घ्याव्यात.

माझी फसवणूक २०१६ च्या नोव्हेंबरात झाली. जाहिरातीतली छायाचित्रे उत्तम होती, बोलणे आदबशीर होते, आणि 'आमचे घर फार आत आहे, तुम्हाला उगाच त्रास नको' म्हणून विक्रेत्याने मला कात्रज चौकात बोलावले. गाडीच्या डिकीतून बिस्किटांचे खोके निघाले व त्यात पावडर लावलेले पिल्लू होते. वय ४५ दिवस, लस दिलेली, असे सांगून त्याने लसीकरणाचे पुस्तक हातात ठेवले, ते मी घरी येईपर्यंत उघडलेसुद्धा नाही. जन्मतारीख २ ऑक्टोबर होती आणि पहिली लस २१ ऑक्टोबरची, म्हणजे पुस्तकाच्याच हिशेबाने १९व्या दिवशी. दुसऱ्या दिवशी आमच्या पशुवैद्यांनी पिल्लाचे तोंड उघडून पाहिले तेव्हा दाढा आलेल्याच नव्हत्या आणि त्यांच्या अंदाजाने पिल्लू जेमतेम महिन्याचे होते. हे खरे धरले तर त्याचा जन्म ऑक्टोबरच्या मध्यावरचा ठरतो, आणि ती लस डोळेही न उघडलेल्या पिल्लाला दिली असे मानावे लागते. सहाव्या दिवशी ते पार्व्होने, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या विषाणुजन्य रोगाने, गेले. या रोगाची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, त्यामुळे ते रोग घेऊनच आमच्याकडे आले असणार. विक्रेत्याचा फोन त्यानंतर लागला नाही.

तेव्हापासून मी कोणालाही पिल्लाचे छायाचित्र मागत नाही, पिल्लाची आई दाखवा म्हणतो. पिल्लाचे छायाचित्र कोठूनही उचलता येते, परंतु महिना-दीड महिन्यापूर्वी व्यालेली मादी उसनी आणणे अवघड असते. तिचे सड लोंबलेले असतात, पोटाखालचे केस विरळ झालेले असतात, अंगाने ती थोडी उतरलेली असते, आणि पिल्ले जवळ सोडली की ती त्यांना चाटते किंवा कंटाळून उठून जाते. तजेलदार केसांची, सपाट पोटाची कुत्री 'हीच आई' म्हणून समोर उभी केली तर काय समजायचे ते आपण समजावे. व्हिडिओ कॉल करणार असाल तर आधी वेळ ठरवू नका. कॉल चालू असताना कॅमेरा मादीच्या पोटाकडे वळवायला सांगावे, पिल्लासमोर एखादा चमचा ठेवायला सांगावे. आधी चित्रित केलेली फीत दाखवणाऱ्याची इथेच पंचाईत होते. छायाचित्रे गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या सोयीत, टाकून पाहिल्यास तेच पिल्लू आणखी दोन शहरांत विक्रीला असल्याचेही कधी कधी दिसते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. लस पूर्ण न झालेल्या पिल्लांना हात लावू न देणारा, किंवा पहिल्या काही आठवड्यांत कोणालाच आत न घेणारा माणूस लबाड असतो असे नाही, कारण पार्व्होचा विषाणू चपलांबरोबर घरात येतो आणि जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. असा माणूस व्हिडिओवर सगळे दाखवतो आणि नंतर घरी येण्याची तारीख देतो. कायमचेच भेटणे टाळणारा वेगळा.

तारखांचा हिशेब प्रत्येकाने कागदावर करावा. पहिली एकत्रित (अनेक रोगांवरची एकच) लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, पुढचे डोस तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने, आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास, असा साधारण क्रम असतो. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लसीचा प्रभाव पडू देत नाही, म्हणून फार लवकर टोचलेली लस वाया जाते. पुस्तकात लसीच्या कुपीवरचे स्टिकर चिकटवलेले असावे आणि पशुवैद्याचा शिक्का नोंदणी क्रमांकासह असावा. शिवाय २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाच्या आतील मादीवर वीण घेता येत नाही, आणि ब्रीडरला, म्हणजे पिल्लांची पैदास करून ती विकणाऱ्याला, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. '३५ दिवसांचे पिल्लू, लगेच न्या' ही जाहिरात त्यामुळे स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल करत असते. तळेगावच्या गृहस्थांना नोंदणी क्रमांक जरूर विचारा, ते रागावणार नाहीत.

कागदपत्रांबद्दल लोकांचा फार गोंधळ होतो. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र वंशावळ सांगते, पिल्लाची प्रकृती सांगत नाही. प्रमाणपत्र येण्यास वेळ लागतो, त्यामुळे 'कागद नंतर मिळतील' हे उत्तर खरेही असू शकते. मात्र आई-वडिलांची प्रमाणपत्रे आणि विणीच्या नोंदणीचा पुरावा ब्रीडरकडे आजही असायला हवा. पिल्लाचे प्रमाणपत्र आलेले असेल तर त्यावरचा, कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक आणि पशुवैद्याकडच्या स्कॅनरवर दिसणारा क्रमांक जुळतो का, ते पैसे देण्यापूर्वी पाहावे. गोल्डन आणि लॅब्रॅडॉर या जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो, म्हणून आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले होते का हेही विचारावे. आपल्याकडे ते काढणारे थोडे आहेत, परंतु या प्रश्नावर समोरचा गांगरतो की समजून उत्तर देतो, यातून बरेच कळते. पिल्लू 'डबल बोन', म्हणजे दुहेरी हाडाचे, आहे असे कोणी म्हणाले तर हसून पुढे जावे, कुत्र्याच्या शरीरात तसे काही नसते.

आपल्या पहिल्या विक्रेत्याचे पुढे काय होईल ते सांगतो. ५ हजार गेले की विमानाच्या पिंजऱ्याचे पैसे लागतील, मग विम्याचे, मग पिल्लू विमानतळावर अडकले म्हणून आणखी काही, आणि प्रत्येक रक्कम 'परत मिळणारी' असेल. याचाच दुसरा अवतार म्हणजे बदली झाली म्हणून पिल्लू फुकट देणारा फौजी अधिकारी, जो फक्त वाहतूक खर्च मागतो. लष्कराची वस्ती असलेल्या आपल्या शहरात ही गोष्ट पटकन खरी वाटते. कोणी 'आगाऊ रक्कम परत करतो' म्हणून क्यूआर कोड पाठवला तर लक्षात ठेवावे की पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. पैसे आधीच पाठवले असतील तर आज रात्रीच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली गेली तरच ती हाती लागण्याची शक्यता असते.

दुसऱ्याचे ४५ हजार अधिक वाटतात हे खरे, परंतु कमी भाव म्हणजे फसवणूक आणि चढा भाव म्हणजे प्रामाणिकपणा असा नियम नाही. मोठी रक्कम घेऊन वर्षाला दोनदा एकाच मादीवर वीण घेणारेही मी पाहिले आहेत. म्हणून तिच्या आतापर्यंत किती विणी झाल्या, हे विचारा, आणि जमत नसेल तर पिल्लू परत घेणार का, तेही लिहून घ्या. जो ब्रीडर 'काहीही झाले तरी कुत्रे आधी माझ्याकडे परत आणा' अशी अट स्वतःहून घालतो, त्याच्याकडे मी तीन महिने काय, सहा महिनेही थांबेन.

तळेगावला रविवारी जाणार असाल तर त्याच दिवशी दुसरे कोणतेही केनेल (कुत्री ठेवण्याची जागा) किंवा पशुवैद्याचा दवाखाना करून जाऊ नका, धुतलेल्या चपला घाला, आणि पिल्लांकडे वळण्यापूर्वी मादी बाहेर कोठे बांधली आहे ते पाहून घ्या.