पहिल्या कॅम्पिंगसाठी पुण्यातून काय सामान घेऊन जावं?

तुम्ही विचारलंय की, पुण्यातले चौघे मित्र डिसेंबरअखेर हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणार आहात, आजवर कोणीच तंबूत झोपलेलं नाही, तर दहा हजारांत चार माणसांचा तंबू आणि बाकीचं सामान बसेल का. बसेल. पण माझं ऐकाल तर तंबू आत्ता विकत घेऊ नका. आधी पायांत काय घालायचं आणि पाठीखाली काय अंथरायचं ते बघा. डोक्यावरचं छप्पर भाड्याने मिळतं.

बुटांपासून सुरुवात करा. घोटा झाकणारे महागडे बूटच हवेत असं काही नाही. सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरणारे कितीतरी लोक अ‍ॅक्शनचे स्वस्त ट्रेकिंग शूज वापरतात, कारण त्यांचा सोल आपल्या कातळावर धरून राहतो. नवे बूट थेट गडावर नेऊ नका. आधी पंधरा दिवस तेच घालून पर्वती, तळजाई करा, एखाद्या रविवारी सिंहगड चढून या. उतरताना अंगठ्याचं नख पुढे टेकत असेल तर एक नंबर मोठा घ्या.

आता अंथरुणाचं. नवीन माणूस सगळा पैसा स्लीपिंग बॅगमध्ये घालतो आणि कॅरीमॅट, म्हणजे तिच्याखाली अंथरायची चटई, विसरतो, हे मी फार पाहिलंय. बॅगेत ऊब धरून ठेवते ती आतली हवा. तुम्ही वर झोपलात की खालची बाजू दबून सपाट होते, हवा निघून जाते आणि थंड जमीन रात्रभर तुमच्या अंगातली ऊब ओढत राहते. म्हणून काही शे रुपयांची फोमची कॅरीमॅट आधी घ्या. ती सहसा फाटत नाही, पंक्चर होत नाही, आणि दुपारी झाडाखाली आडवं व्हायलाही कामी येते. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावर दोन-तीन तापमानं लिहिलेली दिसतील. त्यातला कम्फर्टचा, म्हणजे किती थंडीपर्यंत आरामात झोप लागेल तो आकडा बघा. एक्स्ट्रीमचा आकडा झोपेसाठी नसतोच, तो जीव तगवण्यापुरता असतो. डिसेंबरात गडमाथ्यावर पारा दहाच्या आसपास किंवा त्याखाली जातो, वर वारा असतो. त्यामुळे कम्फर्ट पाच ते दहाच्या मधली बॅग आपल्याकडे पुरते. आणि कानटोपी न्या. स्वस्तातली बॅग कानटोपी आणि कोरड्या मोज्यांनी जितकी सुधारते तितकी दुसऱ्या कशानेच नाही. झोपायचे कपडे वेगळे ठेवा. चढताना घामाने भिजलेला सुती टीशर्ट रात्री अंगावर राहिला तर कुठलीच बॅग ऊब देत नाही.

तंबू, बॅगा भाड्याने देणारे पुण्यात बरेच आहेत. तंबू आणलात की आदल्या दिवशी सोसायटीच्या गच्चीवर उभारून बघा. काठ्या पुऱ्या आहेत का, चेन नीट सरकते का, वरचं पावसाळी कापड त्याच तंबूचं आहे का, हे तिथेच कळू दे. ‘चार माणसांचा’ म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून, सॅक बाहेर. म्हणून चौघांना दोन छोटे तंबू बरे, ओझंही वाटून घेता येतं. आणि थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद करू नका. श्वासातली वाफ थंड कापडावर धरते आणि पहाटे थेंब थेंब तोंडावर पडायला लागते. लोकांना वाटतं तंबू गळतोय. वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली की निम्मा त्रास जातो.

तंबूबरोबर ज्या खुंट्या येतात त्या मऊ मातीसाठी असतात. आपल्याकडे खाली काळा कातळ. लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्यावरच्या उधेवाडीत ज्यांच्या अंगणात आम्ही नेहमी उतरतो त्या मामांनी एकदा जमिनीवर नुसती टाच मारून पाहिली आणि म्हणाले, “खुंट्या ठिवून द्या, हितं बोटभर मातीखाली कातळ हाय.” मग त्यांनीच दाखवलं. मुठीएवढा लांबट दगड घ्यायचा, तंबूच्या दोरीचं टोक त्याच्या कमरेला आवळून बांधायचं, तो जमिनीवर आडवा ठेवायचा आणि त्याच्या पुढ्यात, तंबूच्या बाजूला, दोरीवरच मोठा धोंडा टाकायचा. वारा जितका ओढेल तितका छोटा दगड धोंड्याला घट्ट जाऊन बसतो. यासाठी बोहरी आळीतून दहा-पंधरा मीटर नायलॉनची दोरी घेऊन ठेवा, तंबूबरोबरची कधीच पुरत नाही. दगड उचलताना मात्र तो आपल्याकडे कलता करा, म्हणजे फट पलीकडे उघडते आणि खाली विंचू किंवा इंगळी असली तर तुमच्या हाताकडे न येता पलीकडे पळते. सकाळी बूट झटकूनच पाय घाला, तेही त्याचसाठी.

हेडटॉर्च प्रत्येकाची वेगळी हवी. मोबाईलचा टॉर्च चालणार नाही, एक हात अडकतो आणि बॅटरी तिथेच संपते. सॅकमध्ये टॉर्च चुकून चालू होऊ नये म्हणून एक सेल उलटा घालून ठेवा.

पाण्याचा हिशेब वजनात करा. माणशी तीन लिटर म्हणजे पाठीवर तीन किलो. वर कातळात खोदलेल्या टाक्यांचं पाणी असतं, पण ते उकळून प्या किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

स्वयंपाकाचा हौशी बेत पहिल्या वेळी ठेवू नका. गावात पिठलं-भाकरी मिळते, गरम मिळते, आणि तुमचे पैसे त्या घरात जातात. स्टोव्ह नेलाच तर तो तंबूबाहेरच पेटवा, थंडी कितीही असो. नायलॉन क्षणात पेट घेतं. शिवाय बंद तंबूत स्टोव्ह किंवा निखाऱ्यांमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला काही समजतच नाही. हे एवढं सोडून माझं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

राहता राहिला हरिश्चंद्रगड. 1424 मीटरचा माथा, कोकणकड्यावर खालून वर उसळणारा वारा, आणि वर्षअखेरीला तिथे जत्रा. शिवाय तो भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे तंबू टाकण्याचे आणि शेकोटीचे नियम निघण्याआधी पायथ्याच्या गावात आणि वनखात्याकडे विचारून घ्यावे लागतील. कड्याच्या काठावर तंबू टाकलेले फोटो सुंदर येतात, पण रात्री अंधारात लघवीला उठणारा माणूस झोपेत असतो. काठ सोडून बराच आत, आडोशाला जागा बघा.

म्हणून माझा आग्रह, आधी एकदा राजमाचीला जा. पुण्याहून लोणावळा लोकल, तिथून साधारण पंधरा किलोमीटर बहुतांशी सपाट चाल, उधेवाडीत जेवण, विचारून एखाद्याच्या अंगणात तंबू, सकाळी श्रीवर्धन आणि मनरंजन दोन्ही बालेकिल्ले. थंडी सोसेना तर दहा पावलांवर घर आहे. लोकलने जाताना गॅसचा कॅन नेता येत नाही, ज्वालाग्राही वस्तूंना रेल्वेत बंदी आहे, त्यामुळे स्टोव्हचा प्रश्न आपोआप मिटतो.

परत आल्यावर भाड्याचा तंबू तसाच गुंडाळून देऊ नका. ग्रिलवर नाहीतर गच्चीत पसरून, शिवणीसकट पूर्ण सुकू द्या. ओला बांधला की बुरशीचा वास धरतो आणि आतला पाणीरोधक थर सुटायला लागतो. तुमच्यानंतर तो कोणीतरी पहिल्यांदाच बाहेर पडणारा घेऊन जाणार आहे.