अनुभवी अर्थतज्ज्ञाने व्याख्याता व्हावे का, आणि त्याचा कोणाला उपयोग होतो का?

उपयोग होतो, मात्र ‘नेमका आकडा सांगा’ या श्रोत्यांच्या आवडत्या मागणीला भीक न घालण्याची तयारी वक्त्याकडे हवी. बँकेच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून मी व्याख्याने देऊ लागलो, तेव्हा एका उद्योजक संघटनेच्या वार्षिक सभेचे निमंत्रण आले. आदल्या रात्री संयोजकांचा फोन आला. “सर, ते पंख्यासारखे चित्र काढून टाका, लोक गोंधळतात. व्याजदराचा एकच आकडा द्या, टाळ्या पडतील.” ते चित्र म्हणजे फॅन चार्ट. बँक ऑफ इंग्लंडने 1996 मध्ये महागाईचा अंदाज याच पद्धतीने मांडायला सुरुवात केली: मध्यभागी जास्त शक्यतेचा गडद पट्टा, कडेला कमी शक्यतेचे फिकट होत जाणारे पट्टे, आणि काळ जितका पुढचा तितका पंखा रुंद. मी चित्र ठेवले. माझ्या आधीच्या वक्त्याने पुढील वर्षाचा व्याजदर दोन दशांश स्थळांपर्यंत सांगितला आणि टाळ्या अर्थातच त्यालाच पडल्या.

प्रश्नोत्तरांत दुसऱ्या रांगेतल्या एका लघुउद्योजकाने विचारले, “यंत्रासाठीचे कर्ज स्थिर दराने घेऊ की फिरत्या?” मी त्यांनाच विचारले की, दर दोनशे बेसिस पॉइंटने, म्हणजे दोन टक्के-बिंदूंनी, चढला तर हप्ता भरून कामगारांचे पगार वेळेवर होतील का? त्यांनी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे उभ्या उभ्या हिशेब मांडला, एक ओळ खोडली, पुन्हा मांडला आणि नकारार्थी मान हलवली. मग स्थिर दर घ्या, आज थोडा महाग पडेल, पण ती जादा रक्कम विम्याच्या हप्त्यासारखी समजा, असे मी म्हणालो. त्यांचा निर्णय झाला आणि त्यासाठी माझ्या भाकिताची गरज पडली नाही. त्या संघटनेने मला पुन्हा बोलावले नाही, हेही सांगितले पाहिजे.

माझे तेव्हाचे विभागप्रमुख म्हणत, “जो व्यासपीठावर चढला, तो अर्थशास्त्रातून उतरला.” पुरावा म्हणून ते अमेरिकन अर्थतज्ज्ञ आयर्विंग फिशर यांचे नाव घेत. शेअरच्या किमती कायमच्या उंच पठारावर पोहोचल्या आहेत, असे फिशर ऑक्टोबर 1929 मध्ये बोलले आणि काही दिवसांतच बाजार कोसळला. हा दाखला खरा, निष्कर्ष चुकीचा. फिशर यांना नडली ती बेधडक खात्री, आणि त्यांचा स्वतःचा पैसाही त्याच बाजारात अडकलेला होता. रघुराम राजन यांनी 2005 मध्ये अमेरिकेत जॅक्सन होल येथे मध्यवर्ती बँकांच्या वार्षिक परिषदेत, वित्तसंस्थांतील मोबदल्याच्या पद्धतीमुळे व्यवस्थापक लपलेली जोखीम ओढवून घेतात, असे बजावले. सभागृहात त्यांच्यावर टीका झाली, पण 2008 च्या संकटाने त्यांचे म्हणणे खरे ठरवले. युरो वाचवण्यासाठी हवे ते करू, असे युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्राघी जुलै 2012 मध्ये लंडनमध्ये म्हणाले, तेव्हा इटली आणि स्पेनच्या रोख्यांवरील परताव्याचे चढे दर उतरू लागले; त्यानंतर जाहीर झालेल्या रोखेखरेदी योजनेखाली आजवर एकही रोखा विकत घ्यावा लागलेला नाही. हे अर्थशास्त्र नव्हे तर काय?

मानधनाविषयी थोडक्यात: मोठी रक्कम मिळते ती बहुधा पूर्वीच्या पदाची, ज्ञानाची नव्हे. फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्षपद 2014 मध्ये सोडल्यावर बेन बर्नान्के यांना एका भाषणासाठी अध्यक्ष असतानाच्या वार्षिक पगाराहून अधिक रक्कम मिळाल्याच्या बातम्या होत्या. इतरांनी त्या हिशेबाने नोकरी सोडू नये.

शिवाय दिशा अचूक सांगूनही वेळ चुकू शकते. फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी डिसेंबर 1996 मध्ये बाजाराच्या अवाजवी उत्साहाविषयी सूचक प्रश्न विचारला. अमेरिकेचा बाजार त्यानंतरही 2000 पर्यंत चढतच राहिला. म्हणून मी तारखा सांगत नाही.

हे सारे सेवेतून मोकळ्या झालेल्यांसाठी. फेडरल रिझर्व्हच्या धोरण समितीच्या सदस्यांना बैठकीच्या आधीच्या दुसऱ्या शनिवारपासून पतधोरणावर जाहीर बोलता येत नाही. विभागप्रमुखांना हा नियम भाषणबाजीविरुद्धचा पुरावा वाटे. पण बोलण्याने काही हलत नसते, तर तो नियम कोणी केला असता? आपण अजून बँकेत असाल, तर पहिले निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी अनुपालन विभागाची लेखी परवानगी घ्या आणि स्वतःची गुंतवणूक कशात आहे, हे भाषणाच्या सुरुवातीलाच सांगून टाका.